उभी मीटिंग आणि ‘होतंय की’

६ नोव्हें. २००६, सोम.
आजपासून उभी मीटिंग. पुण्याच्या कंपनीत रोज करायचो, तशीच. शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात माणसं चार, खोल्या दीड. काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय, एवढंच बोलायचं. दादा मालक, पण त्यांना काळजी वेगळीच. “उभ्यानं? मग च्या कवा प्यायचा?”
चहा उभ्यानंच प्यायलो.

९ नोव्हें.
गंमत आहे. कुठं अडलंय विचारलं की सगळ्यांचं एकच, “होतंय की!” रव्या तर माझा प्रश्न संपायच्या आत. दूध संस्थेच्या सॉफ्टवेअरमधलं अवघड काम त्याच्याकडं. दुधातलं फॅट मोजायचं मशीन उसनं आणलंय, त्यावरचा आकडा आपोआप कॉम्प्युटरवर आणायचाय. सकाळपासून तीच केबल काढतोय, लावतोय. आणि होतंय म्हणे!
‘अडलंय’ म्हणायला आपल्याकडं लाज वाटते काय? मलापण वाटते?

१७ नोव्हें., शुक्र.
दर दोन आठवड्यांनी झालंय तेवढं गिऱ्हाइकाला दाखवायचं, ही टूमपण माझीच. हातकणंगल्याकडच्या संस्थेचे सेक्रेटरी आले. फॅटच्या जागी शून्य. रव्या, “होतंय की, सायेब.”
“व्हायचंय तर बोलवलासा कशाला? पावण्याला अर्धकच्चा भात वाढतासा व्हय?”
चहा न घेता गेले. कप तसाच.

१८ नोव्हें.
दादा भडकले. “पुण्याचं खूळ पुण्यात ठेव, मने. आमी समदं झाल्याबिगर दाखवत न्हाय.”
म्हटलं, सगळं झाल्यावर शून्य दिसलं असतं तर? दादांनी कॅलेंडर बघितलं. मग, “आणि एक डाव बघू. सायेब परत चिडलं तर संस्था गेली, आन् तुझी मीटिंगबी.”
रडू आलं. त्याहून जास्त राग. पण शून्य का येतंय ते अजून कळलेलं नाहीच.

२७ नोव्हें., सोम.
आज प्रश्न बदलून बघितला. ‘अडलंय का’ विचारलंच नाही. “रव्या, शनिवारी कुणी डोकं फिरवलं?”
बाबा रे! बांध फुटला नुसता. “ह्या उसन्या मशीननं! मनात आलं तर आकडा देतंय, न्हायतर मुकं बसतंय. मला कायबी सुधरंना झालंय!”
दादा बघतच राहिले. “मग आदी का न्हाय बोललास?”
“असं इचारलं कुणी?”
कोल्हापूरकर अडत नाही, पण शिव्या घालायला एका पायावर तयार. पुण्यात हे कुणी शिकवलं नव्हतं. दुपारभर दादा, रव्या आणि मी, तिघं मशीनपाशी.

३० नोव्हें., गुरु.
मशीन मुकंच. उद्या सेक्रेटरी येणार. रव्या म्हणतो फॅटचा स्क्रीन उघडायचाच नाही. मी म्हटलं, आधी सांगून टाकू. दादांनी स्वतःच सेक्रेटरींना फोन लावला.
“उद्या या सायेब. पर फॅटचं अजून जमंना झालंय.”
दादांच्या तोंडून हे असलं पहिल्यांदाच ऐकलं. पलीकडचं काही ऐकू येईना. फोन ठेवला.
“काय म्हणाले?”
“आमचं मशीन घिऊन येऊ का, म्हणत्यात.”
“मग?”
“आणा म्हटलं. त्येबी मुकं बसलं तर?”
“मग शिव्या घालायला साहेबपण आहेत की,” मी म्हटलं.