सभेला आलेले रिकामे डबे

नागपूर,
ता. ९ मे १९७४

श्रीयुत मनोहरराव भाऊजी यांस,
धाकट्या साळ्याचा, म्हणजे रुपरावचा, नमस्कार. भिवापूरला सगळे खुशाल असाल, गोपिकाताईची कंबर आता वाकू देत असेल आणि मिरची वाळून पोत्यात गेली असेल, असं धरून चालतो. (गेली नसेल तर ताईला पोत्याजवळ फिरकू देऊ नका. ती ऐकायची नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.) इकडे आम्ही ठीक, पाणी सोडून.

पाण्याचं तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या गल्लीत नळ नाही, पंचफुला दोन गल्ल्या ओलांडून घागरी आणते, आणि तिचा नवरा, म्हणजे मी, नळ देणाऱ्याच कचेरीत चपराशी. (कोणती कचेरी ते लिहीत नाही, पत्र पोस्टातून जातं.) आमचा अर्ज तीन वर्षं वॉर्ड समितीच्या विषयपत्रिकेत अगदी शेवटी बसलेला. सभा बुधवारी सकाळी अकराला, माडीवर, आणि तिची सूचना साहेबांच्या खोलीतल्या फळ्यावर. सभा सर्वांना खुली आहे असं त्याच सूचनेच्या तळाशी लिहिलेलं असतं. आठ-दहा विषय झाले की चहा येतो, चहा झाला की सभासद उठतात आणि आमचा नळ पुढच्या सभेवर जातो. कपबशा मीच विसळतो (त्याला पाणी भरपूर असतं), म्हणून हे खात्रीने सांगतो.

मार्चात नवे साहेब आले. तरुण आहेत, अजून फायली वाचतात. लोक सभेला का येत नाहीत असं त्यांनी विचारलं, बोलावत नाही म्हणून, असं माझ्या तोंडून निघून गेलं. मग बोलावणं तुम्हीच करा, म्हणाले. सभा रविवारी चारला, शाळेच्या पटांगणात, लोकांना बसायला दऱ्या, आणि मी सायकलरिक्षावर भोंगा बांधून वस्तीभर सांगत फिरायचं.

आता इथे माझी चूक झाली, ती कबूल करतो. हीच रिक्षा, हाच भोंगा आणि हाच माझा आवाज गेलं दीड वर्ष एकाच कामाला लागलेला आहे, कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात घासलेट आलं की वस्तीला कळवायचं. (सुटीच्या दिवशी दुकानवाला मलाच बोलावतो.) रिक्षावाला नत्थूजी सवयीने कंट्रोलसमोरच थांबला, मी सवयीने ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते’ असा सूर लावला, आणि त्यापुढचं एकाही माणसाने ऐकलं नाही. ऐकणार कसं? सगळे घरात डबा शोधायला पळाले होते.

रविवारी साडेतीनला पटांगणात तीनशे माणसं आणि तीनशे रिकामे डबे, शिस्तीत रांगेत. पहिला नंबर पंचफुलेचा. ही सभा आहे, असं मी तिला बाजूला घेऊन समजावलं, तर आधी डबा भरू द्या, मग सभेचं पाहू, म्हणाली.

सभापती भैय्याजी जीपमधून उतरले आणि डबे पाहून जागच्या जागी थांबले. मे महिना, नळ नसलेली वस्ती, रिकामे डबे. हा पाण्याचा मोर्चा आहे, असं त्यांनी धरलं. (मी त्यांची समजूत काढली नाही. चपराशाने विचारल्याशिवाय बोलू नये.) खुर्ची गरम व्हायच्या आत त्यांनी शेवटचा विषय पहिला घेतला, नळ मंजूर झाला, साहेबांनी लिहूनही टाकला. भैय्याजी टाळ्यांची वाट पाहत राहिले. तेवढ्यात भाजीवाल्या पार्वतीबाई उठल्या.

"नळाचं समजलं गा भैय्या. मातीचं तेल कवा देतं?"

भैय्याजींचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. इथे घासलेट मिळणार नाही, असं त्यांनी भोंग्यावरून तीनदा सांगितलं. पण कंट्रोलवालाही आधी असंच सांगतो आणि संध्याकाळी वाटतो, त्यामुळे रांग सोडायला कोणी तयार होईना. सात वाजेपर्यंत वस्तीने एकवीसच्या एकवीस विषय ऐकले. नवव्या विषयाला आनंदराव शिंपी उठले, कारण कागदावर बांधून झालेली नाली त्यांच्याच दुकानासमोर असायला हवी होती. मग जो तो विचारू लागला. भाऊजी, इतकी वर्षं कपबशा विसळल्या, पण सभा काय असते ते मी त्या दिवशी पाहिलं. मला फार बरं वाटलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. नळाचा ठराव गैरसमजुतीने झाला म्हणून भैय्याजींनी तो २ जूनच्या सभेत फेरविचाराला लावला आहे. लोक आले तर नळ राहील, नाही आले तर गेला. आणि घासलेट न मिळाल्याने वस्ती माझ्यावर अशी चिडली आहे, की तुझ्या सभेला आता कुत्रंसुद्धा येणार नाही, असं नत्थूजीने तोंडावर सांगितलं.

ताईला नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.
आपला,
रुपराव

ता. क. तुमच्याकडे गोडेतेलाचा रिकामा डबा असेल तर नागपूरला येणाऱ्याबरोबर पाठवा. आमचा त्या गर्दीत हरवला. चेपलेला नको, तो नीट वाजत नाही.

आणखी ता. क. ‘वाजत नाही’ असं लिहून बसलो, तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. सूचना मी अक्षर न बदलता वाचणार, घासलेटाचं नावही काढणार नाही. फक्त वाचण्याआधी कंट्रोलसमोर डबा दोनदा वाजवणार, लोक काय समजायचं ते समजतील. हे मनाला खात होतं, म्हणून रात्री पंचफुलेला सांगून टाकलं. तिने कोपऱ्यातली घागर पुढे ओढली. मग म्हणाली, "काहून वाजवता जी? मी पयली उभी राहीन. पण आता घागर घेऊन."

आज सकाळी पाण्याच्या रांगेतल्या साऱ्या बायकांना तिने घागरी घेऊन सभेला यायला सांगितलंही. तेव्हा डबा पाठवू नका.