आण्णाची सही, माझी सही

मी, सोमेश गुरुपाद पट्टणशेट्टी, वय तेवीस, राहणार हातकणंगले, कायद्याचं शिक्षण तिसऱ्या वर्षात सोडलेला, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. तापट आहे, पण ठिकाणावर आहे. हे लिहायला कोणी दबाव आणलेला नाही. जाऊ नको असा दबाव अव्वानं, म्हणजे आईनं, आणला, तो मी मानलेला नाही.

कारण असं. माझा थोरला भाऊ मल्लेश, म्हणजे आण्णा, परदेशातल्या युद्धात मेला. तो सैनिक नव्हता. शिरोलीच्या फौंड्रीत हेल्पर होता. एजंटानं आणलेल्या करारात त्याला वाचता येईल असा एकच शब्द होता, हेल्पर. शिरोलीत हेल्पर म्हणजे वाळू चाळणारा, साचे उचलणारा, मोल्डरला चहा आणून देणारा. "हितं बी तेच करतोय की," म्हणाला आणि सही केली. तिथं हेल्पर म्हणजे पुढच्या खंदकात दारूगोळा वाहणारा निघाला. आता तिथल्या एका शवागारात आण्णासारखं कोणी आहे, असं त्याच्यासोबत गेलेल्या पंजाबी पोरानं फोनवर सांगितलं. ओळख पटवायला सख्ख्याचं रक्त लागतं, म्हणून मी निघालोय. देशाचं नाव लिहीत नाही; व्हिसा आत्ता कुठं हातात पडलाय.

कलम एक. राहत्या घरातला माझा हिस्सा आई महादेवी हिला. आण्णाच्या मृत्यूचा दाखला कोणीच देत नसल्यानं कागदोपत्री तो अजून जिवंत आहे. रेशन कार्डावरचं त्याचं नाव अव्वा कमी करू देत नाही. तिच्या हयातीत ते तसंच ठेवावं.

कलम दोन. मोटारसायकल पिराजीमामांना. फौंड्रीत आण्णा त्यांच्याच हाताखाली होता. मामा, क्लच घसरतो, तुम्हाला ठाऊक हाय.

कलम तीन. कॉलेजच्या अभिरूप न्यायालयात मिळालेला कप. एका काल्पनिक सेनापतीवर मी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात खटला चालवला होता. कायद्याहून मोठा कोणी नाही, असं ठणकावलं आणि जिंकलो. बचावाला आदिती मगदूम होती. हरल्यावर जवळ येऊन म्हणाली, "सेनापती काल्पनिक होता म्हणून सापडला." मी तिथंच तिच्या प्रेमात पडलो. कपात अव्वा चमचे ठेवते. ते हलवू नयेत.

कलम चार. कायद्याची सगळी पुस्तकं आदितीला, आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापकही तीच. आण्णाची बातमी आल्यावर मी वर्गात विचारलं, दाद कुठं मागायची. सर म्हणाले, त्या देशाची त्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या करारावर सही नाही, आपल्याही देशाची नाही. शिवाय तिथं मोठीच प्रकरणं घेतात, एका हेल्परचं प्रकरण तेवढं गंभीर ठरत नाही. मी म्हणालो, "सर, आण्णानं सही केली म्हणून तो मेला. ह्यांनी सही केली न्हाय म्हणून हे सुटले. मग आम्हाला नेमकं काय शिकवताय, सही करायला का न करायला?" सर म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही. बाकाला लाथ घातली आणि आलो, तो परत गेलो नाही.

आदिती गेटपर्यंत मागं आली. "सोम्या, चिडून खटला उभा राहत नसतोय."

"मग कशानं राहतोय?"

"ठाऊक नाही," ती म्हणाली. तिनं ते लपवलं नाही. एवढ्यासाठी ती मला हवी होती. साक्षीदार तवनाप्पाकाका तिचे वडील. लग्नाचं विचारायला गेलतो तेव्हा म्हणाले होते, "आधी पदवी घे, मग जातीचं बघू." काका, पदवी राहिली. पुस्तकांत 'पीडितांचे हक्क' या प्रकरणावर मी पेनानं खाडाखोड केली आहे. ती तुमच्या लेकीनं पुसू नये.

कलम पाच. मृत्युपत्रात राग वाटता येत नाही हे मला माहीत आहे. तरी एजंट राजवर्धन याच्यावरचा माझा राग मागं ठेवतो. आमच्या घरी जेवून गेलेला माणूस नंतर मला म्हणाला, "पावणं, कागद मी दिला, सही त्यानं केली." एवढ्या मोठ्या युद्धातला कायद्याच्या हाताला लागेल असा हा एकटाच, आणि तोही दहावी नापास. फसवणुकीची फिर्याद आदितीनं पुढं चालवावी. पण त्याला शिक्षा झाली तर न्याय झाला, असं अव्वाला कोणी सांगू नये.

कलम सहा. आम्हा लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून पुरतात, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून. आण्णानं जाताना गळ्यातलं स्वतःचं लिंग अव्वाजवळ दिलं. "तिकडं हरवंल. आलो की घालतो." ते आता माझ्या गळ्यात आहे, माझ्या लिंगाशेजारी. तो सापडला तर त्याच्या हातात देईन आणि त्याला घेऊन येईन.

तो सापडला नाही आणि मीच पेटीतून आलो, तर गळ्यात दोन निघतील. माझं डाव्या हातात ठेवा, आण्णाचं उजव्या. अव्वाला सांगा, दोघं आले.

हा कागद मी स्वतः लिहिला, वाचला, त्यातला शब्द न् शब्द मला कळला आहे, आणि कळूनच खाली सही करतो. आण्णाला एवढंही मिळालं नव्हतं.

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: सोमेश गुरुपाद पट्टणशेट्टी

आमच्या दोघांच्या समोर सोमेशनं सही केली, त्याच्यासमोर आम्ही केली:
१. तवनाप्पा मगदूम, हातकणंगले
२. पिराजी कांबळे, मोल्डर, शिरोली