कॅपवाल्या दातांनी तेल धरावं का

ती. ताई,

नमस्कार वाकूनच करणार होते, पण कंबर एकदा वाकली की सरळ करायला घरात दुसरं कोणी नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? इकडे सर्व खुशाल, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खुशाल काही नाही. माझा पुढचा दात पडला. दात म्हणजे दातावरची कॅप. आणि ती तुझ्यामुळे पडली.

आठवून बघ. मागच्या महिन्यात फोनवर तूच म्हणालीस की रोज सकाळी चमचाभर तिळाचं तेल तोंडात धरायचं, वीस मिनिटं खुळखुळवायचं आणि थुंकायचं, हिरड्या घट्ट होतात. मी विचारलं, अगं, माझ्या तीन दातांना कॅपा आहेत, त्यांना हे चालतं का? तू तिकडे भाऊजींना विचारलंस आणि मला सांगितलंस, ‘हे म्हणतात चालतं.’ (भाऊजी पोस्टात होते, ताई. सत्तावन्न वर्षं तू कोणाच्या बापाचं ऐकलं नाहीस, आणि लग्नाला सात महिने होतात न होतात तोच माझ्या दातांचा निकाल पोस्टमास्तरांकडून घ्यायला लागलीस. असो. माणूस सज्जन आहे, मी त्यांच्याबद्दल वावगं लिहिणार नाही, निदान पहिल्या पानावर तरी.)

तर मी सुरू केलं. पहिले चार दिवस बेसिनमध्ये थुंकले, पाचव्या दिवशी बेसिन तुंबलं. नळवाला आला, पाइप काढून आत बघितलं आणि मला विचारलं की बाई, तुम्ही इथे भजी तळता का. तेव्हापासून जुन्या वर्तमानपत्रात थुंकते आणि पुडी करून कचऱ्यात टाकते. आता वीस मिनिटं नुसतं बसून राहणं आपल्या घराण्यात कोणाला जमलं आहे? मी तेल तोंडात घेऊन शिलाई मशीनवर बसायचे. तिथेच घात झाला. आपल्या नर्सबाई (त्याच, ज्यांना प्रत्येक गणवेश परवाच हवा असतो) सकाळी ड्यूटीला जाता जाता डोकावल्या. नवा गणवेश लांब वाटतो म्हणाल्या, शिवाय कधी मिळेल तेही विचारलं. माझे दोन्ही गाल फुगलेले. मी चार बोटं दाखवली, म्हणजे चार दिवस. त्यांनी मान डोलावली आणि गेल्या. त्यांना वाटलं मी विचारते आहे, चार इंच कमी करू का? आणि मला वाटलं, मान डोलावली म्हणजे चार दिवस पटले, पण किती इंच कमी करायचं ते राहिलंच. म्हणून दुपारी मीच फोन केला, तर त्या म्हणाल्या, ठरलंय की आपलं, चार. मी केले चार. घालून बघितल्यावर त्यांचे गुडघे दिसायला लागले.

नशीब की कापलं नव्हतं. कापड आत दुमडावं, कात्री शेवटी लावावी, हे तुझंच शिकवणं. शुक्रवारी सकाळी तेल थुंकून, चूळ भरून मी ती दुमड सोडवायला घेतली आणि दोन इंचांवर नवी तुरपाई घातली. जेवताना जीभ लागली तर पुढे खिंडार. माझी खात्रीच पटली की तेलाने कॅपचा डिंक विरघळला आणि ती थुंकीबरोबर गेली. ताई, मी अख्खा डबा पालथा घालून एकेक पुडी सोडली. तुझ्या नावाने काय काय बोलले ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. कॅप नाहीच. सोमवारी नर्सबाई आल्या आणि माझ्या हातात औषधाची छोटी पुडी ठेवली. दोन दिवस चालताना काहीतरी नडगीला टोचत होतं म्हणे. उसवून बघितलं तर तुरपाईत दात. मी तो दुमडीत शिवला होता. वॉर्डातल्या पेशंटांनी तो रांगेने बघितला.

हसलीस ना? हस. मला इथून ऐकू येत नाही, तेवढंच वाईट आहे.

खरं सांगू, ती तेलाची वीस मिनिटं मला आवडायला लागली आहेत. तोंडात तेल असतं तोवर वाटतं की तेल आहे म्हणून मी गप्प आहे. थुंकल्यावर कळतं की बोलायला समोर कोणी नाही. कटिंगच्या टेबलावर मी तुझ्या बाजूला काहीही ठेवत नाही, उगाच पसारा होतो. अजून माप घेताना मी मोठ्याने ‘छत्तीस’ म्हणते आणि थांबते. तू ‘छत्तीस’ म्हणून वहीत लिहिल्याशिवाय माझी टेप पुढे सरकत नाही, एकतीस वर्षांची खोड आहे. परवा बँकेतल्या बाई थोडा वेळ वाट बघून स्वतःच ‘छत्तीस’ म्हणाल्या. बिचाऱ्या. मला इतकी आठवण आली तुझी की कंबरेचं माप दोनदा घेतलं.

तुला परत ये म्हणत नाही. तुझा संसार तुला उशिरा मिळाला, तो सुखाने कर. भाऊजींना नमस्कार सांग आणि दातांबद्दल यापुढे त्यांनी मत देऊ नये असंही सांग.

तुझी,
धाकटी

ता. क. भाऊजींना वरचं सांगू नकोस. दातांच्या डॉक्टरांना मी विचारून आले. ते म्हणाले, कॅप पक्की असेल तर तेलाने काही होत नाही, तेल सिमेंट विरघळवत नाही. सैल असेल किंवा खाली फट असेल तर मात्र आधी दाखवावं, आणि तेल घेतलं म्हणून ब्रश चुकवू नये. मग त्यांनी विचारलं, दाताने दोरा तोडता का? मी म्हटलं, छे. त्यांनी आरसा दिला. शेजारच्या खऱ्या दाताला दोऱ्याची खाच पडली आहे. तू होतीस तेव्हा नुसतं डोळे वटारून कात्री पुढे करायचीस. आता कोणी वटारत नाही.

ता. क. २. कॅप पक्की बसवायची आहे, येत्या गुरुवारी अकरा वाजता. सोबत कोणीतरी जबाबदार माणूस लागतं म्हणे. बुधवारी दुपारच्या गाडीने निघालीस तर संध्याकाळी पोचशील. भाऊजींना एक दिवस आपलं आपण जेवता येईल.

ता. क. ३. हे पत्र बंद केलं होतं, पण राहवत नाही म्हणून उघडलं. सोबत कोणी लागत नाही. डॉक्टर म्हणाले, दहा मिनिटांचं काम आहे, एकट्या या. मीच म्हटलं की माझी ताई येणार आहे आणि ती फार प्रश्न विचारते, तेव्हा थोडा जास्त वेळ ठेवा. त्यांनी अर्धा तास ठेवला आहे.