ढगात भरकटलेला ऑटोपायलट

प्रिय बाबांना मार्गिटचा रागातला नमस्कार,

डुलुथला सुखरूप उतरलो. आई मजेत सूप पितेय.

पण तुम्ही आपल्या छोट्या विमानात बसवलेल्या त्या ऑटोपायलटपुढे मी हात टेकले! जीपीएस एका कंपनीचं, हा दुसऱ्या कंपनीचा. दोघांचं पटत नाही, हे किती वेळा सांगितलं? आज दाट ढगात जीपीएस धावपट्टी समोर दाखवत होतं आणि हा शहाणा विमान सरोवराकडे वळवत होता.

आई म्हणाली, "अगदी तुझ्या बाबांसारखा! सांगावं एक, निघतो भलतीकडे."

शेवटी तो बंद करून मी हातानंच विमान उतरवलं.

तुमचा खोकला कसा आहे? आई आता विमानात बसायला तयार नाही. तिला न्यायला या, पण गाडीनं.

तुमचीच,
मार्गिट