बाजारभावातली ओळ

प्रिय दादा,

'प्रिय' रीत म्हणून लिहिलंय, हुरळून जाऊ नकोस. तू गुडघ्याचं ऑपरेशन करून तिकडे विश्रांती घेतोयस, इकडे पुन्हा लढाई लागली, आणि मालकांनी तुझी संपादकाची खुर्ची माझ्या गळ्यात मारली. समोर लष्कराकडून आलेली मृतांची यादी आहे, छत्तीस नावांची. उद्याच्या अंकात या माणसांचं काय छापायचं, ते मला ठरवायचंय. छापखान्यातल्या जुळाऱ्यानं आल्या आल्या विचारलं, ताई, दादांची ती ओळ काढू का. वीस वर्षं झाली, तरी त्याला अजून ती तुझीच वाटते.

खरं तर ती बाजारभावाची. 'किरकोळ घट.' रोज लागायची म्हणून अक्षरांचे खिळे जुळवून, दोऱ्यानं बांधून खणात ठेवलेली. मागच्या लढाईत तुझ्या डोक्यात आलं की हीच उचलून आघाडीच्या बातमीत टाकावी. 'मेले' लिहिलं की लोक हबकतात, 'घट' वाचून चहा पितात. वरच्यांनी तुझी पाठ थोपटली. महिनाभर तू मिशीला पीळ देत फिरत होतास. मीही प्रुफं वाचायचे आणि मुकाट सही करायचे. माझाही हात त्यात बरबटलेलाच आहे, ते मी नाकारत नाही.

त्या गुरुवारची दुपार आठवते? बांधलेली ओळ एकच होती. ती तू उत्तर आघाडीच्या बातमीत लावलीस, तेव्हा जुळाऱ्यानं विचारलं, मग कांद्याखाली काय टाकू. तू म्हणालास, कांदा स्थिर लिही. आम्ही सगळे हसलो. मी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग प्रूफ वाचलं, खाली सही केली आणि घरी जाऊन आघाडीवरच्या तुझ्या मेहुण्यासाठी, माझ्या नवऱ्यासाठी, विणायला घेतलेले मोजे पुरे केले.

त्याचं नाव त्याच दुपारी तुझ्या टेबलावरच्या यादीत सातवं होतं. तू त्याच्यापुढे लाल पेन्सिलीनं बारीक खूण केली होतीस. ती यादी मला काही महिन्यांनी, जुन्या फायली आवरताना सापडली. लष्कराची तार येईपर्यंत अकरा दिवस तू माझ्यासमोर बसून जेवलास. मोज्यांचं पार्सल तूच पोस्टात नेऊन टाकलंस, पावतीसुद्धा आणून दिलीस. पुढे म्हणालास, तुला धक्का बसू नये म्हणून. दादा, मला त्या वाक्याची अजून किळस येते.

मी तेव्हाच तुझं घर सोडलं असतं. राहिले ती तुझ्या लेकामुळे, ढब्बूमुळे. पाच वर्षांचा होता. माझ्या मांडीवर बसून प्रुफांवरची अक्षरं लावायचा आणि चूक सापडली की टाळ्या पिटायचा. तुझ्यावरचा राग त्याच्यावर कधी निघाला नाही, एवढीच माझी कमाई.

आता हे पत्र आजच का, ते सांगते. यादीत अठरावं नाव आपल्या ढब्बूचं आहे. तो गेला, दादा. काल सकाळी, पुलावर. मी यादी तीनदा पडताळून पाहिली. फोन लष्करानं अडवलेत, म्हणून ऑफिसची गाडी पाठवलीय. ड्रायव्हरला काही ठाऊक नाही. वहिनीलाही मी अजून सांगितलेलं नाही. ते तू यायचंस आणि तुझ्या तोंडानं सांगायचंस, साध्या शब्दांत. मला तू अकरा दिवस थांबवलंस, मी तुला दोन पानं थांबवलं. तेवढंही करायला नको होतं, पण केलं. छत्तीसही नावं पहिल्या पानावर जातील. बांधलेल्या त्या ओळीचा दोरा सोडून खिळे मी आपापल्या खणात टाकायला लावले. पहिल्या पानाचं प्रूफ तुझ्या टेबलावर ठेवते. ढब्बूचं नाव बरोबर लागलंय का, ते तू वाच आणि खाली सही कर.

तुझीच, राग न गेलेली,
धाकटी