घरट्यावरची ड्युटी

ती. आईस,

इथूनच पाया पडतो. मी मजेत आहे, जेवणही वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

आमच्या खोक्यांच्या कारखान्याचे मालक गेल्या आठवड्यात झोपेतच गेले. काळजी करू नकोस, कारखाना चालू आहे. आता त्यांची मुलगी बघते. पुढचं पुढे.

मालकांना पाखरांचं, खारींचं फार वेड. गेल्या वर्षी माझा हात मशीनमध्ये सापडला (आता बरा आहे, म्हणून तर सांगतोय), तेव्हा त्यांनी मला पूर्ण पगारावर खिडकीपाशी बसवलं. म्हणाले, "साळुंकीची अंडी आहेत, लक्ष ठेव." मला वाटलं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला आहे.

मालकांना पोचवून स्मशानातून परतताना विषय निघाला. पॅकिंगवाल्या मावशींना आजारपणानंतर खारीची पिल्लं सांभाळायला दिली होती. डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या ड्रायव्हरलाही घरटंच राखायला बसवलं होतं. आम्ही खूप हसलो, मग हिशेब लागला, पगार सगळ्यांनाच पूर्ण मिळाला होता.

काल मालकांची मुलगी फायली पुढ्यात घेऊन नुसतीच बसली होती. ड्रायव्हर आत जाऊन म्हणाला, "ताई, साळुंकीनं पुन्हा अंडी घातलीत. तुम्ही जरा खिडकीपाशी बसा, बाकीचं आम्ही बघतो."

आज सकाळीही मालकांची मुलगी खिडकीपाशीच बसली होती.

तेल लावत जा गुडघ्यांना.

तुझा,
थोरला