दादा, मलेरियाच्या जंतूतही विषाणू असतो

हट्टी दादास,

आज वर्गातून तडक खोलीवर आले आणि लिहायला बसले. राग कुणावर काढू, कळेना. तूच सापडलास!

सरांनी सांगितलं, मलेरियाचा जंतू म्हणजे एकाच पेशीचा जीव. पण त्याच्याही आत विषाणू सापडलाय. माणसाच्या रक्तात जंतू आणि जंतूच्या पोटात विषाणू! शोधणाऱ्यांनी त्याला एकात एक बसणाऱ्या लाकडी बाहुलीचं नाव दिलंय. वर्ग हसला. मला नाही हसू आलं. तुझ्या रक्तात तोच जंतू होता ना!

मी विचारलं, "सर, या विषाणूमुळे जंतू जास्त मारक होतो की दुबळा पडतो?"

"अजून नीट कळलेलं नाही."

मग तुझ्या रक्ताचं विचारलं. तपासणीसाठी काचेवर घेतलेला तो थेंब केव्हाच धुतला गेला असेल, म्हणाले. असता तरी उपयोग नव्हता. विषाणू शोधायला ताजं घेऊन लगेच गोठवलेलं रक्त लागतं. म्हणजे तुझ्यापुरतं उत्तर कधीच मिळणार नाही. कधीच! किती चीड यावी माणसाला?

आठवतं, उन्हाळ्यात, तेंदूपत्ता तोडायच्या हंगामात तुला पहिल्यांदा ताप आला? घरोघरी औषधं देणाऱ्या आशाताईंनी दोन आठवड्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. ताप उतरताच तू त्या फेकल्यास. मी नागपूरहून फोनवर ओरडले, तर म्हणतोस, "बरा झालो ना बाई! आता गोळ्या कायले खाऊ? पोट जळून राहिलं."

"दादा, तो जंतू लिव्हरमध्ये लपून बसतो. परत येतो."

"येऊ दे. पायतो मी त्याले."

काय पाहिलंस रे? पावसाळ्यात, ऐन भाताच्या रोवणीत तो परत आला. धानाच्या बांधीत, चिखलात उभं राहून तू ताप अंगावर काढलास. मी सालेकशाला घरी पोचले तेव्हा तू मला ओळखलं नाहीस. गोंदियाच्या वाटेवर, गाडीत, वहिनी तुझे तळपाय चोळत सारखी विचारत होती, "बाई, हे बोलून काऊन नाही राहिले?" दवाखान्याच्या दारातच तू गेलास.

खरं सांगू? आज त्या विषाणूचं ऐकून क्षणभर बरं वाटलं. सगळा दोष त्याच्यावर टाकता येईल, असं वाटलं. तुझ्यावर टाकणं जमतच नाही मला. पण गोळ्या विषाणूने फेकल्या नव्हत्या, दादा. तू फेकल्यास! गावात कुणाच्याही अडचणीला सगळ्यांत आधी धावणारा माणूस, आणि स्वतःच्या गोळ्यांचा कंटाळा?

सरांना सांगितलंय, मी याच विषयावर काम करणार. "सोपा विषय घे," म्हणाले. नाही घेणार! पुढच्या पावसाळ्यात आपल्या भागात येईन, तापकऱ्यांना विचारून त्यांच्या रक्ताचे नमुने घेईन. विषाणू सापडो, न सापडो. पण ज्याचं रक्त घेईन, त्याने शेवटची गोळी गिळेपर्यंत त्याचा पिच्छा सोडणार नाही. लोक हसोत, शिव्या देवोत. तुझ्याशी अर्धं राहिलेलं भांडण मी त्यांच्याशी पुरं करीन.

अजून रागावलेलीच,
तुझी मंजू